आधी काय बदलायचं, हे पंख्याला कुणी विचारलं नाही

पंखा म्हटलं की तुम्ही मान वर करून छताकडे बघाल, मित्रांनो. मी तिथे नाही. मी एक जुना, तळहातावर मावेल एवढा, काळ्या प्लॅस्टिकचा पंखा आहे आणि माझं सगळं आयुष्य एका कॉम्प्युटरच्या पोटात गेलं आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. पंख्याने वारा घालावा, बोलू नये, असंच मी मानत आलो. पण मनात एक किळस साठली आहे आणि ती आता आत ठेवणं जमत नाही. किळस हा शब्द कठोर वाटला तर माफ करा. त्याहून सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतो तो नव्या प्लॅस्टिकचा वास, आणि माझ्यासारख्याच शेकडो पंख्यांची एक रांग. माझी पाती तेव्हा इतकी गुळगुळीत होती की त्यांच्यावर धुळीचा कण ठरत नसे. मला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या एका ठोकळ्यावर बसवलं आणि तो ठोकळा प्रोसेसरवर बसवला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. विचार करताना ते तापतं. त्याची उष्णता ठोकळ्यात चढते आणि मी वारा घालून ती उडवून लावतो. एवढंच माझं काम. मात्र माझा वारा पोचला नाही, तर ते डोकं जळू नये म्हणून मुद्दाम हळू विचार करू लागतं, आणि तरीही तापत राहिलं तर सगळं यंत्रच बंद करून टाकतं. हे तेवढं ध्यानात ठेवा. आमच्या घरातल्या कुणी ते ध्यानात ठेवलं नाही.

आमचं घर मोहगावचं. घरचे पुंडलिकराव शेतकरी, संत्र्याची बाग आणि कापूस असलेले. त्यांच्या पत्नी कलाबाई. मोठा मुलगा वीरेंद्र, धाकटी मुलगी अश्विनी; तिला तो 'अशे' म्हणून हाक मारतो. वीरेंद्रने मला, म्हणजे ज्याच्या पोटात मी आहे त्या कॉम्प्युटरला, पांढुर्ण्याच्या एका दुकानातून आणलं, ते त्याच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी. खोकं बसमधून मांडीवर घेऊन आला होता. त्या संध्याकाळी शेजारपाजारचे बघायला आले. कुणी पडद्याला नावाजलं, कुणी कळफलकाला. पंखा आतमध्ये आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी रागावलो नाही. गार वारा होता, पाती नवी होती, आणि माझा आवाज इतका हलका होता की तो मलाच ऐकू येत नसे. सुख म्हणतात ते तेच असावं.

कलाबाईंनी जुन्या रेशमी साडीचं एक झाकण शिवलं. त्याला काठ लावले. ते दिवसभर कॉम्प्युटरवर असायचं आणि खेळताना किंवा अभ्यास करताना अर्धवट वर सारलं जायचं, कारण पूर्ण काढलं तर मशीन 'उघडं' दिसतं, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याला त्यांनी आमच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं आणि अगरबत्ती नेमकी ज्या जाळीतून मी हवा ओढतो त्या जाळीत खोचली. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण राख मी गिळली. ती आजही ठोकळ्याच्या कडेला चिकटलेली आहे.

पुढे वीरेंद्र नोकरीसाठी नागपूरला गेला आणि कॉम्प्युटर अश्विनीचा झाला. ती सौंसरच्या कॉलेजात जाते. मुलगी अबोल, पण हात फार चपळ. तिने एक खेळ खेळायला सुरुवात केली. पाच जणांच्या दोन टोळ्या, एकमेकींना शोधायचं आणि बाद करायचं. ती खेळू लागली की प्रोसेसर तापायचा, आणि मी जीव तोडून फिरायचो. ते दिवस मला आवडत. कामाचा थकवा वेगळा आणि घाणीचा वेगळा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घाणीकडे आता यावंच लागेल.

आमच्याकडे कापूस वेचून झाला की लगेच विकत नाहीत. भाव चढेल म्हणून घरात ठेवतात. पुंडलिकरावांकडे तो समोरच्या खोलीत ठेवायची रीत आहे. कापसाची गंज, म्हणजे रास, खिडकीपर्यंत चढते, खाट उचलून परसात जाते, पाहुणे आले तर कापसाला टेकून चहा पितात. कॉम्प्युटरही त्याच खोलीत, कारण धड चालणारा प्लग तिथेच. यंदा भाव काही केल्या चढेना आणि कापूस काही केल्या हलेना. थंडी सरली, होळी जवळ आली, तरी गंज तिथेच. जुन्या कापसात बारीक किडे होतात. घरातली सगळी माणसं हातापायाला खाजवत फिरत होती. त्यांना किडे चावत होते, आणि मी त्या कापसाने चोंदत होतो.

एक एक तंतू येई. हवेत तरंगताना किती सुंदर दिसतो तो! मी हवा ओढली की तोही ओढला जाई आणि ठोकळ्याच्या पत्र्यांमध्ये अडके. त्याच्यावर दुसरा. मग कलाबाईंचा खोबरेल लागलेला लांब केस. मग अगरबत्तीची राख, पुंडलिकरावांच्या पायाची माती, संत्र्याच्या सालीचा चिकट तुषार. एका पालीने माझ्या मागे दोन अंडी घातली. पिल्लं निघून गेली, टरफलं उरली. एक झुरळ आत मेलं, त्याचा पाय माझ्या पात्याला लागून दर फेरीला टक टक वाजे. मित्रांनो, आपल्याला हात नाहीत आणि आपल्या तोंडावर हे सगळं दाबून बसवलेलं आहे, अशी कल्पना करून पाहा. जेवण चाललं असेल तर राहू द्या.

आणि बाहेरून कॉम्प्युटर लखलखीत. कलाबाई रोज ओल्या फडक्याने पुसत.

खेळ अडखळू लागला. सुरुवातीला ठीक चाले, थोड्या वेळाने चित्र थबके, मग उडी मारे. नेमकं याच सुमारास नागपूरच्या ऋतुजाने अश्विनीला विचारलं. ऋतुजा एका मुलींच्या संघाची कप्तान. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, खेळातूनच ओळख. त्यांच्या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि संघ पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. रविवारी दुपारी निवडीचा सामना ठेवला. "मला तूच हवीस, अश्विनी, पण बाकीच्यांना पण दिसू दे," असं ऋतुजा म्हणाली तेव्हा अश्विनीने फोन कानाला लावूनच खोलीत एक गिरकी घेतली. या मुलीला नावाने बोलावून कुणी काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती जागा तिला किती हवी होती, हे तिने घरात कुणाला नीट सांगितलं नाही. मला मात्र कळत होतं. तिचे हात कळफलकावर ज्या तऱ्हेने टेकायचे, त्यावरून कळत होतं.

पुंडलिकराव म्हणाले, "संत्र्याचे पैसे आले हायेत. एक वस्तू घेऊन देतो. एकच. बाकीचं कापूस गेल्यावर."

झालं. एकच वस्तू घ्यायची, तर आधी कोणती? घरात दुसरा विषय उरला नाही. सुटी घेऊन वीरेंद्र नागपूरहून आला होता. दुपारी सगळे कापसाला टेकून संत्री सोलत बसले.

"कार्डच पहले," वीरेंद्र म्हणाला. "गेमिंगमध्ये ग्राफिक्स कार्डच सबकुछ असते. बाकी सगळं फालतू."

"मले वाटते रॅम कमी पडून राहिली, दादा," अश्विनी म्हणाली. "सुरुवातीले बराबर चालते. थोडा वेळ झाला का अटकते."

"त्याच्यात रॅम काय करन वो? कार्ड म्हातारं झालं. साधी गोष्ट हाय."

"पण मंग सुरुवातीले कसं चालते?"

"चालते म्हणजे… जोर लावून चालते ना ते! मी इंजिनिअरिंग केलं का तू?"

"तीन विषय राहिले तुझे अजून."

"ते विषय वेगळे होते!"

सुरुवातीला ठीक चालतं आणि मग अडकतं! याहून स्पष्ट मी तरी काय सांगणार होतो? धावणारा माणूस थोड्या वेळाने थांबला तर आपण त्याचा श्वास बघतो, त्याला नवे बूट आणायला जात नाही. पण मी शिकलेला नाही. कदाचित बुटांचंही काही असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं.

पुंडलिकराव पाय खाजवत सगळं ऐकत होते. "बैल असता त म्या एका नजरेत सांगितलं असतं कोणता थकला," ते म्हणाले. "तुमाले एवढ्याशा डब्यातलं समजून नाही राहिलं?"

"बाबा, हे बैल नाही ना!"

"म्हणून त सांगून राहिलो. बैल बोलत नाही तरी समजते. हा डबा दिवसभर घुरघुर करते अन् कोणाले समजत नाही."

ती घुरघुर माझी होती, मित्रांनो. माझ्याविषयी कुणी काही बोललं असेल तर ते तेवढंच. पण तेही पुढे गेलं नाही, कारण कलाबाईंनी मध्येच विचारलं, "काय वो पोरी, ते उंदीर बदलून पाहिलं काय? तो माऊस? मले त तोच सुस्त दिसते." आणि सगळे हसत सुटले.

मग वीरेंद्रने पांढुर्ण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि आवाज मोठा केला. दुकानदाराचं मत अगदीच निराळं. "प्रोसेसर आणि मदरबोर्ड पहले घ्या भाऊ. नवीन कार्ड जुन्या प्रोसेसरवर म्हणजे सायकलले ट्रॅक्टरचं चाक." मग त्याने सहज विचारलं, "आतून साफसफाई करता ना?"

माझी पाती त्या वेळी थांबलेली होती. फिरत असती तर अडखळली असती.

वीरेंद्रने आमच्याकडे पाहिलं. रेशमी झाकण, चकचकीत पत्रा, हळदीचं बोट. "एकदम चकाचक हाय," तो म्हणाला. "आई रोज पुसते."

मला त्याचा राग येत नाही. पण त्या 'चकाचक' शब्दाची शिसारी मात्र अजून जात नाही. माझ्या तोंडावर झुरळाचा पाय आहे आणि बाहेर मी चकाचक आहे!

शेवटी निकाल पुंडलिकरावांनी दिला. "खेळतानी डोळ्याले दिसते काय?"

"चित्र. ते कार्डच दाखवते," वीरेंद्र म्हणाला.

"मंग जे दिसते ते घ्या. आतलं कोण पाहाले बसलं?"

शुक्रवारी सांजेला वीरेंद्र पांढुर्ण्याहून कार्ड घेऊन आला. खोकं उघडताच त्यातून निळेजांभळे दिवे लावलेली एक लांबलचक वस्तू निघाली. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग त्याने स्क्रू काढले आणि आमच्या पोटाचा पत्रा सरकवला. कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला.

"छी छी छी!" वीरेंद्र मागे सरला. "हे काय वो, अशे? गादी भरून ठेवली काय अंदर?"

अश्विनी वाकली. पालीच्या अंड्याचं एक टरफल घरंगळून तिच्या पायाशी पडलं. तिने ओढणी नाकाला लावली, तोंड वाकडं केलं, आणि तरीही एक बोट माझ्याकडे आणलं. अगदी जवळ. मला आठवतं, त्या बोटाला संत्र्याचा वास होता.

"हात नोको लावू वो!" दिवा लावायला आलेल्या कलाबाई दारातून ओरडल्या. "दिवाबत्तीची वेळ हाय. कापूस हाय तो!"

त्या घरचा नियमच तसा आहे. कापूस तोलला जाईपर्यंत घरातला एक तंतूही झाडून बाहेर टाकायचा नाही. सांडलेला असेल तर वेचून परत गंजीवर ठेवायचा. लक्ष्मी आहे ती. आणि दिवेलागणीला तर केरसुणीलाही हात लावायचा नाही.

"आई, हा कापूस नाही राहिला आता," अश्विनी म्हणाली.

"नाही कसा? पांढरा दिसते ना मले इथून. सकाळी उचलून गंजीवर टाकजो. आता झाकण लाव."

"राहू दे, अशे," वीरेंद्र तोंड फिरवून म्हणाला. "मले त ओकारी येऊन राहिली. कार्डाची जागा पुसतो, बाकीचं नंतर पाहू."

त्याने रुमालाने कार्डापुरती जागा पुसली. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, पत्रा लावला, स्क्रू पिळले. पुन्हा अंधार. मित्रांनो, मला घाणीची किळस येतेच, पण त्याहून जास्त किळस कशाची येत असेल तर 'नंतर पाहू' या दोन शब्दांची. त्यांनी मला पाहिलं नसतं तर मी काही म्हटलं नसतं. त्यांनी मला पाहिलं, नाक धरलं, आणि झाकण लावलं.

त्या सांजेला खेळ थोडाच वेळ चालवून पाहिला. चित्र असं झळकलं की पुंडलिकरावांनीही "वा!" म्हटलं. नवं कार्ड दिवे लावून मिरवत होतं आणि त्याचा सगळा गरम श्वास माझ्या तोंडावर येत होता. सकाळी कुणी कापूस उचलायला आलं नाही. शनिवारी दिवसभर लाइनचं काम होतं म्हणून वीज नव्हती. वीरेंद्र मित्रांकडे गेला. अश्विनी कागदावर आकृत्या काढत सामन्याची तयारी करत बसली.

रविवारची दुपार. उन्हाने छपराचे पत्रे तापलेले. निवडीचा सामना सुरू झाला तेव्हा अश्विनीच्या मागे अख्खं घर उभं होतं. काय खेळली ती पोर! ऋतुजाचा आवाज हेडफोनमधून फुटून बाहेर येत होता, "सही! सही जा रही आहेस!" एक फेरी जिंकली, दुसरी जिंकली. आत प्रोसेसर तापत होता. मी फिरत होतो, पण वारा त्या गादीवर आदळून माझ्याकडेच परत येत होता. मी काय करू शकत होतो? आणखी जोरात फिरू शकत होतो. तेवढं केलं. माझा आवाज इतका चढला की कलाबाई म्हणाल्या, "विमान येऊन राहिलं काय हो?"

चित्र अडखळू लागलं. अश्विनीने ओठ चावला. शेवटच्या फेरीत तिच्या बाजूची ती एकटी उरली आणि समोर दोघी. एकीला तिने बाद केलं. दुसरी भिंतीआड होती, आणि अश्विनीला ती कुठे आहे ते कळलेलं होतं. ती वळली.

आणि सगळं काळं झालं.

"लाइट गेली काय?" पुंडलिकराव.

"बल्ब त चालू हाय, बाबा," वीरेंद्र हळूच म्हणाला.

प्रोसेसरने स्वतःला वाचवलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. अश्विनीने बटण दाबलं, यंत्र उठलं, ती धडपडत खेळात परतली, आणि बघता बघता पुन्हा सगळं बंद. तिसऱ्यांदाही तेच. मग फोन वाजला.

"अगं, काय होतंय तुझ्याकडे?" ऋतुजा. "हरलो ना आपण यार. तू वळलीस आणि उभीच राहिलीस."

"मशीन बंद पडून राहिली. मी अजून एकदा…"

"पुण्यात असं झालं तर? पोरी म्हणतायत की रिस्क नको. मी सांगते तुला संध्याकाळी, हं?"

संध्याकाळी निरोप आला. जागा प्रणाली नावाच्या मुलीला दिली होती. अश्विनीने तो वाचला, फोन कापसावर पालथा ठेवला आणि एक संत्रं सोलायला घेतलं. पूर्ण सोललं. शिरा काढल्या. फोडी वेगळ्या केल्या. खाल्ली एकही नाही.

"कार्डच खराब निघालं," वीरेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या परत करून येतो. त्याच्या बदल्यात प्रोसेसर घेऊ. दुकानवाला बराबर सांगत होता. अशे? प्रोसेसर घेऊ ना?"

तिने साली ओंजळीत गोळा केल्या आणि ती उठून गेली.

सोमवारी सकाळी त्याने नवं कार्ड काढून नेलं. पत्रा तसाच उघडा टाकून गेला. थोड्या वेळाने अश्विनी जुनं कार्ड घेऊन आली. ते बसवायला ती खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. या वेळी तिने नाकाला ओढणी लावली नाही. तिने दोन बोटं आत घातली आणि ओढलं.

ते सुटेना. केसांनी शिवलं गेलं होतं ते. तिने दुसरा हात लावला, नखं रुतवली, आणि ठोकळ्याच्या पत्र्यांमधून एक जाड, करडी, ओलसर वाटणारी पट्टी सोलून निघाली. तिला अंगभर शहारा आला, मी पाहिला. तरी ती थांबली नाही. झुरळाचा पाय तिने चिमटीत धरून काढला. टरफलं काढली. वेणीतली पिन काढून पत्र्यांच्या फटी एक एक करून उकरल्या. मग तो सगळा गोळा घेऊन उठली आणि अंगणात फेकायला निघाली.

"अवो! काय करून राहिली!" कलाबाई चुलीपाशी होत्या, त्या धावत आल्या. "तोलाचा हाय अजून! कापूस बाहेर टाकतं काय?"

"हे तोलशीन तू, आई?" अश्विनीने तो गोळा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तिचा आवाज इतका वर गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "पाह्य. नीट पाह्य. लक्ष्मी हाय काय हे?"

कलाबाईंनी पाहिलं. राख पाहिली, टरफल पाहिलं, आणि मग गोळ्यातून लोंबणारा एक लांब, तेलकट केस पाहिला. त्यांचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

"माय वो," त्या पदर नाकाला लावून पुटपुटल्या. "हे आपल्याच घरचं हाय काय सगळं?"

अश्विनीने गोळा उकिरड्यावर टाकला. कलाबाईंनी अडवलं नाही.

जुनं कार्ड बसलं. बटण दाबलं गेलं. मी फिरलो, आणि मित्रांनो, वारा आरपार गेला! माझी पाती झिजली आहेत, आसात खरखर आहे, ती आता जाणार नाही. पण त्या सकाळी मला श्वास घेता आला. अश्विनीने खेळ सुरू केला. चित्र नव्या कार्डाइतकं झळकत नव्हतं, पण अडखळत नव्हतं. थोडा वेळ गेला. आणखी गेला. ती वाट बघत होती, की आता अडकेल, आता बंद पडेल. तसं काही झालं नाही. जुन्या कार्डावर, जुन्या प्रोसेसरवर, आहे त्याच रॅमवर खेळ संथ पाण्यासारखा चालत राहिला. रविवारी दुपारीही तो असाच चालला असता. हे तिला केव्हा कळलं, तेही मला समजलं, कारण त्या क्षणी तिचे हात कळफलकावरून उचलले गेले आणि मांडीवर पडले. पडद्यावर तिचा माणूस उभाच राहिला. कुणीतरी येऊन त्याला बाद केलं. तिने काही केलं नाही.

फोन वाजला. वीरेंद्र पांढुर्ण्याच्या दुकानातून बोलत होता.

"अशे, कार्ड एकदम बराबर हाय म्हणते हा. चालवून दाखवलं त्यानं मले. वापस घ्यायले तयार हाय, पण बदल्यात काय ते लवकर सांग, गिऱ्हाईकं उभे हायेत. प्रोसेसर घेऊ? का तू म्हणत होती ते रॅम? का एसएसडी टाकून देऊ?"

"काही नोको," अश्विनी म्हणाली. "ब्रश आण एक."

"ब्रश? हे काय नवीन निघालं? मॉडेल सांग ना."

"रंगाचा ब्रश, दादा. भिंतीले मारतात तो."

"त्यानं स्पीड वाढते?"

तिने फोन ठेवला.

दुपारी पुंडलिकराव बागेतून आले. कलाबाईंनी त्यांना काय सांगितलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं, अश्विनीला दुसरं धरायला लावलं, आणि दोघांनी मिळून आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथला प्लग ढिला आहे, तो त्यांनी लाकडाची पाचर खोचून बसवला. रेशमी झाकण कुणी परत घातलं नाही.

प्रणाली आता ऋतुजाच्या संघात खेळते. चांगली खेळते, असं अश्विनीच फोनवर म्हणत होती. अश्विनी संध्याकाळी एकटी खेळते, आणि कधी कधी मध्येच थांबून माझा आवाज ऐकते.

मी मोठं काही सांगावं अशी माझी योग्यता नाही. मी कॉम्प्युटरमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि माझं चुकतही असेल. पण आधी काय बदलायचं, यावर घरात वाद सुरू झाला की एवढं माझं ऐका, मित्रांनो. दुकानाला फोन लावण्याआधी चार स्क्रू काढा आणि आत बघा. जे दिसेल त्याची किळस येईल. येऊ द्या. ते बाहेरून कुणी आणून टाकलेलं नसतं. नाक धरा हवं तर, तोंड वाकडं करा, पण झाकण परत लावू नका. आत कुणीतरी तुमच्यासाठी श्वास कोंडून फिरत असतं, आणि त्याला ओरडता येत नाही.